मधली पिन

वाल्पाराइसोच्या टेकडीवर एकशे अकरा पायऱ्या.
पाठीवर अठरा किलोचा ॲम्प्लिफायर
आणि वय माझं एकसष्ट.
एदुविहेसबाईंनी दार उघडलं.
पाणी विचारलं नाही, आधी विचारलं,
"चालतोय का?"

चालतोय. पण ऐका.

मधली पिन मी परत बसवली आहे.
भिंतीतल्या जुन्या भोकात जात नाही म्हणून
कुणीतरी पक्कडीनं तोडली होती.
(बाई जमिनीकडे बघतात. कुणी, ते मला कळतं.)
ती पिन गाणं वाजवत नाही, खरं आहे.
वर्षानुवर्षं काहीच करत नाही ती.
मग एके दिवशी आतल्या वायरचं कातडं सोलवटतं,
पत्र्याच्या पेटीत वीज उतरते,
आणि तुमचा हात पोचायच्या आत
ती विजेला जमिनीचा रस्ता दाखवते.
एवढंच तिचं काम.

वरची क्रोशाची जाळी काढा.
बहिणीनं विणलेली असली तरी काढा,
त्या फटींतून तो श्वास घेतो.
कुंडीही नको. जिरेनियमला घातलेलं पाणी
मला ट्रान्सफॉर्मरवर वाळलेलं सापडलं.
हीटर आणि हा, एका बोर्डावर नको.
जुलैतली थंडी मीही काढतो, बाई,
तरी नको.

स्पीकर भिंतीला पट्टीनं बांधले आहेत.
इथली जमीन सवयीनं हलते,
लहान हादऱ्याला आपण हातातला चमचाही ठेवत नाही,
पण मोठा सांगून येत नाही.

आणि प्लग काढला म्हणजे संपलं, असं समजू नका.
आत दोन निळे डबे आहेत,
वीज गेल्यावरही धरून बसतात.
झाकण उघडायचं नाही. घाई केली की काय होतं
ते माझ्या या बोटाला विचारा.

"किती वेळ धरून बसतात?"

सांगता येत नाही.
मीटर लावून बघावं लागतं.

शेवटचं. सुरू करण्याआधी आवाज शून्यावर,
मग हळूहळू वर. बघा, मी शून्यावरच...

"हे इथं नव्हतं."
बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.
"हे बटण. तुम्ही फिरवलंत."

गोदीत चौतीस वर्षं जहाजांचा गंज ठोकून
अनाक्लेतोचे कान गेले होते.
पोचायचं ते ढोलाचं फक्त, तेही छातीत.
म्हणून इतका मोठा. म्हणून खालच्या मजल्यावरून
झाडूचा दांडा. म्हणून रोजचं भांडण.
आणि मार्चपासून कुणी त्या बटणाला हात लावला नव्हता.

मी काय बोलणार?
पण गिऱ्हाइकं भांडतात, म्हणून पावतीवर
आलेल्या मालाचं सगळं लिहून घेतो मी.
खिशातून काढली, चष्मा लावला:
डावीकडे ओरखडा. एक पाय गायब.
आवाजाचं बटण, पावणेचारच्या जागी.

बाईंनी नेलपॉलिश आणलं, वाळत आलेलं, लाल.
ठिपका मी दिला. त्यांचा हात थरथरत होता.
म्हटलं, ही खूण बघण्यापुरती.
तिथवर नेऊ नका. स्पीकरचा कागद जुना आहे,
तुमचे कान अजून चांगले आहेत.
"हो," त्या म्हणाल्या.
मग पाणी विचारलं.

मी उतरत होतो. साठाव्या पायरीशी
वरून बोलेरो आला, आधी बेताचा,
मग कुत्री उठली, मग कुणाचं तरी तावदान थरथरलं.
पावणेचार.
मी थांबलो. फाटका सूर येतो का, ऐकत राहिलो.
मनात मोजले: एक, दोन...
आठाला आवाज खाली आला.

झाडूचा दांडा वाजला नाही.
उरलेल्या एकावन्न पायऱ्या रिकाम्या पाठीनं उतरलो.