पाण्याचा थांबा

आधी गाव नव्हतंच. आधी तहान होती,
इंजिनाची.
ॲडलेडच्या कचेरीत कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली,
थोड्या थोड्या मैलांवर पेन्सिलीने टिंबं दिली,
आणि त्यातल्या एका टिंबावर
माझ्या वडिलांची पंपवाला म्हणून नेमणूक झाली.

बाराशे फुटांवर जमिनीने उत्तर दिलं,
कढत, खारट, गंधकाचा वास मारणारं.
बॉयलरमध्ये त्याचे थर बसत,
तरी इंजिनं पीत राहिली.
‘पाण्याचा शोध : क्लेमेन्स बोअर’ अशी पाटी लागली.
आयव्हीला ती वाचून दाखवली, तर कपडे पिळता पिळता म्हणाली,
माझी आजी इथेच थांबायची, खालच्या झऱ्यावर.
तिला नाही कुणी पाटी दिली.

हॉटेलचा पियानो उंटावरून आला.
वाटेत दोन सूर सांडले,
ते शेवटपर्यंत सापडले नाहीत.
रूळही उंटांनीच आणले, स्लीपरही,
मुर्सल दादच्या उंटांनी, बलुची शिव्या खात खात.
रूळ जोडले गेले आणि उंट बेकार झाले.
मग कायदा आला : मोकाट उंट दिसला की गोळी घाला.
मुर्सलने बोअरच्या सांडपाण्यावर खजुराची सात रोपं लावली.
एकीचं नाव जानी, एकीचं लंगडी,
एकीचं नुसतंच ‘ती’.
रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायचा.
आम्ही पोरं हसायचो. सातच का, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

गाडी गुरुवारी.
इंजिनाला पाणी प्यायला वीस मिनिटं लागत
आणि त्या वीस मिनिटांत आमचा आठवडा मावे :
चहा, मटणाची पाय, टपाल, बर्फाची लादी,
खिडकीतून उतरलेली एखादी टोपी, एखादं हसू.
आई बुधवारी रात्री केसांना कागदाच्या सुरळ्या बांधून झोपायची.
कुणासाठी, ते घरात विचारायचं नसे.

डिझेल आलं तेव्हा आम्ही बावटे घेऊन उभे होतो.
देखणं होतं. लाल, रुपेरी, अंगावर काजळीचा ठिपका नाही.
वडिलांनी पाण्याची सोंड फिरवून तयार ठेवली होती,
सवयीने.
ड्रायव्हरने हात हलवला.
छान हलवला.
आणि अकरा डबे आमच्यासमोरून तसेच निघून गेले.
वडिलांनी सोंड पुन्हा जागेवर फिरवली,
टोकातून थोडं पाणी गळलं,
ते वाळूत उतरेपर्यंत बघत राहिले.

गाव मेलं असं म्हणतात. मी तरी मेलेलं पाहिलं नाही.
मी त्याला मालगाडीत चढताना पाहिलं :
पत्रे, दारं, खिडक्यांच्या चौकटी,
शाळेची घंटा, तिचा लोळा चिंधीत गुंडाळलेला.
राहिली थडगी आणि पियानो,
त्याला कुणी गिऱ्हाईक मिळेना.
पुढे कित्येक वर्षांनी रूळसुद्धा गेले.
एक गाडी उलटी सरकत होती म्हणे,
आपल्याच पुढची वाट उचलून
पाठीवर घेत घेत.

यंदा नातवाने जीपने नेलं.
माझी ब्याऐंशी, त्याची एकोणीस.
वडिलांचा व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच गंजलाय
आणि पाणी पडतंय, कुणी मागत नसताना,
दिवसरात्र.
खालचा झरा मात्र आटला.
बोअरने त्याचा दम काढून घेतला;
आयव्ही हे तेव्हाच म्हणाली होती,
आम्ही ते तिचं कुरकुरणं समजलो.
खजुराचं रान माजलंय.
सात कुठली, हे आता जानीलाही सांगता येणार नाही.

मी ओंजळ धरली. अजून भाजतं.

नातू चौथऱ्यांमधून फिरून आला,
बुटाने एक बाटलीचा गळा उकरला, विचारलं,
आजी, इथे होतं तरी काय?

मी म्हटलं, गुरुवार.