अकरा सेकंद

उडवते ती तडवी. मी फक्त बघतो.
लोकांना हे पटत नाही.
एका यंत्राला दोन माणसं लागतात,
पंखे तिच्या हातात, कॅमेऱ्याची मान माझ्या.
दोघांवर मिळून एक काळी छत्री,
कारण उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसतं.
आकाशातलं काम म्हणतात याला
आणि आम्ही दिवसभर खाली मान घालून.

कोलशेतच्या बिल्डरला खाडी हवी होती.
चिखल नको, म्हणाला, पाणी दाखवा,
काठोकाठ. जमलं तर निळं.
त्याच्या माणसाने मोबाईलवर भरतीची वेळ शोधायला घेतली,
मी चेंदणीला आत्याला फोन लावला.
कोळंबी सोलत असावी, फोन खांद्यात धरून.
"आज पंचमी ना? पाचाची पाऊणपट कर.
पावणेचार.
न् वर कोलशेतला पानी चढायला
आनखी अर्धा तास दे, बाबा."

सव्वाचारला पाणी आलं.
तिवरांच्या गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत,
एका टाकून दिलेल्या होडीखाली शिरलं,
तिला जरा हलवून पाहिलं.
तडवी म्हणाली, चल.
बॅटरी अठ्ठ्याण्णव.

चढताना मला मजले मोजायची सवय आहे.
पार्किंग, पोहायचा कोरडा तलाव,
काचा न बसलेल्या खिडक्या,
बाराव्यावर कुणाचा तरी डबा, उघडा,
मग शेजारची जुनी इमारत, तिची गच्ची,
पाण्याच्या दोन टाक्या,
आणि टाक्यांच्या मधे
वॉचमन नाचत होता.

पन्नाशीचा असेल. गणवेशाचा शर्ट
डिश अँटेनाला नीट अडकवलेला,
बनियनवर, अनवाणी.
हातात गच्चीच्या चाव्यांचा जुडगा,
तोच त्याची लेझीम.
दोन पावलं पुढे, वाकून एक घाव,
गिरकी, पुन्हा वाकून,
समोर नसलेल्या रांगेशी बरोबर जुळवून.
ड्रोनला कान नसतात.
आम्ही आणतो ते सगळं मुकं असतं,
नंतर त्यावर कुणीतरी बासरी चढवतं.
चाव्या कशा वाजत असतील
ते मी पडद्यावर नुसतं वाचत होतो.

मग त्याने वर पाहिलं.

काय सांगू, तो पळाला नाही.
जुडगा खाली केला,
टाकीपाशी गेला, झाकण उचललं,
आत वाकून पाणी किती आहे ते बघू लागला,
बघत राहिला,
जणू तेवढ्यासाठीच तो वर आला होता.
त्याची पाठ अजून धापत होती.

माझ्या अंगठ्याने मला विचारलं नाही.
मान वर गेली.
गच्ची सुटली, टाक्या सुटल्या,
येऊरचा डोंगर खाली घसरला,
उरलं नुसतं आकाश,
धुरकट, एक घार, तीही निघून गेली.
तडवीच्या पडद्यावरही तेच दिसत असणार.
तिने यंत्र पुढे नेलं नाही.
जागच्या जागी धरलं, वाऱ्यात,
बॅटरी जळत असताना, काही न बोलता.
मनात मोजलं मी: अकरा.
तेवढ्यात एखादा माणूस शर्ट घालू शकतो.

ऑफिसात बिल्डरच्या माणसाने विचारलं,
मधेच हे आकाश कशाला?
वारा होता, मी म्हटलं.
तडवी म्हणाली, फार होता.
रिक्षात, माजिवड्याच्या पुलाखाली अडकलो असताना
तिने एवढंच विचारलं,
"तो गाव कुठला असेल रे त्याचा?"
मला काय माहीत.

जाहिरात आता नाक्यावरच्या मोठ्या पडद्यावर लागते.
खाडी आहे, निळी केलेली.
होडी पुसून टाकली.
पण आकाश त्यांनी ठेवलं, पूर्ण अकरा सेकंद;
मोकळी जागा मिळाली म्हणे, अक्षरं छान उठतात.
दोन बेडरूम, तीन बेडरूम,
किंमत, तिच्यापुढे चांदणी,
फोन नंबर.
सिग्नलला थांबलो की मी ते बघतो,
आणि पडद्याच्या खालच्या कडेच्या खाली,
जिथे भिंत आणि पानवाल्याची टपरी आहे,
तिथेही थोडा वेळ.