अंगी लागलेली साखर

हेल्वे बाईंच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं
काचेची भांडी धुतली.
तार्तू गावात, नदीपासून चार मिनिटांवर,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे जानेवारीत
नळाचं पाणी हातमोज्यातूनही चावतं.
बाईंचं काम काय, विचाराल तर मला एवढंच सांगता येईल:
प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेची लव असते
आणि बाई ती लव वाचायच्या.

ही साखर गोड नसते.
निदान चाखून कुणी पाहिलेली नाही.
पहाऱ्यावरच्या पेशी येतात, लव चाचपतात,
आंधळ्या बापाने लेकराचा चेहरा चाचपावा तशी.
आपलंच आहे म्हणतात, पुढे जातात.
गाठीतली पेशी हे ओळखून असते.
ती साखरपेरणी करते,
आणि पहारेकऱ्याचा उगारलेला हात
उगारल्या जागी सैल पडतो.

मी कामाला लागले तेव्हा दुकानात साखर कुपनावर मिळायची.
बाईंच्या आईने अर्ध्या साखरेत लालबेरींचा मुरंबा घातला,
तो नाताळाआधी आंबला.
आणि इकडे बाई रात्र रात्र जागायच्या
साखरेच्या अशा कणापायी
जो चिमटीत काय, भिंगाखालीही यायचा नाही.

परदेशी रसायनांना पैसा नव्हता.
पाऊस उघडला की आम्ही दोघी बादली घेऊन
गोगलगायी वेचायचो, मोठ्या, कवचाच्या.
त्यांच्या पोटातल्या एका ग्रंथीत म्हणे
साखरेला धरून ठेवणारं काहीतरी असतं.
शेजारचे ऊनो आजोबा कुंपणावरून ओरडले,
"खायला लागलात की काय?"
"नाही," बाई म्हणाल्या, "अक्षरं लावतोय."

मग ती सापडली.
गाठीतल्या पेशींवर, माणसाचं शरीर
कधीच घडवत नाही अशी एक साखर.
उप्सालाहून बोलावणं आलं. केक कापला.
भिंतीवर चौकट लागली, ती मीच पुसायचे.
नऊ वर्षं.

तौरी नावाचा मुलगा आला, लाजाळू, नखं खाणारा.
त्याने पेशींना वासराच्या रक्ताचं पाणी पाजायचं थांबवलं,
माणसाच्या रक्ताचं दिलं.
तीन आठवड्यांनी साखर गेली.
पुन्हा केलं. पुन्हा गेली.
ती साखर वासराची होती.
पेशींनी खाल्ली आणि अंगावर घातली, बस.

त्या बाटल्या मी दर मंगळवारी धुतल्या होत्या.
लेबलावर वासराचं चित्र होतं.
नऊ वर्षं मी ते वासरू
गरम पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढलं.

तौरी दारात उभा, रडायच्या बेतात.
बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला,
आणि संध्याकाळी आपला निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं,
चार ओळींचं, कुणावर न ढकलता.
त्याची एक प्रत दाराला चिकटवली,
येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी म्हणून.
चौकट कधी उतरली, मला कळलं नाही.
भिंतीवर तेवढा चौकोन अजून उजळ आहे.

पंधरवडा त्या कुणाशी बोलल्या नाहीत.
मग एका सकाळी कोट न काढता माझ्याकडे आल्या,
बर्फ गळतंय खांद्यावरून फरशीवर,
म्हणाल्या, "लेम्बे, म्हणजे खाल्लेलं अंगी लागतं गं.
आपण ओळख म्हणतो ती थोडी आपली,
थोडी ताटातली.
मग पहारेकरी कुणाला परकं म्हणतो?"
अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी नवी वही उघडली.
पुढची अकरा वर्षं त्या वहीत गेली.
उत्तर पूर्ण नाही मिळालं. केकही नाही.

परवा त्यांच्याकडे गेले.
हात थरथरतो आता. मुरंबा वाढला,
भरपूर साखरेचा, दाताला बसेल इतका.
"जास्त झाली?"
मी नाही म्हटलं. खोटंच.

खिडकीत एक जुनी बाटली आहे,
तिच्यात वाळुंजाच्या दोन काड्या, मऊ कळ्यांच्या.
मी सवयीने उचलली, नळाखाली धरली.
तळाला एक पांढुरकी रेघ आहे, निघत नाही.
"राहू दे," बाई म्हणाल्या,
"ती आता बाटलीचीच."