जळक्या मोटारीची तार

पुण्याहून चुकून आलेला क्रेट, नर्सरीत कोणी न मागवलेला.
सहा रोपं. पाच पहिल्याच आठवड्यात गेली.
सहावं फुलवंती धुर्वेनं माझ्या टेबलावर ठेवलं,
ग्राइंडर आणि चहाच्या ग्लासाच्या मधात.
"रोझमेरी म्हणतात भाऊ. संत्र्याच्या वाफ्यात याले जागा नाई.
तुमाले तार वाकवता येते, तं हे वाकवून पाहा."

पान चुरगाळून हुंगलं.
अर्धी निलगिरी, अर्धा बाम,
हातावरच्या वार्निशलाही न दबणारा वास.

शेंदुरजन्यात माझं वाइंडिंगचं दुकान.
पाच एचपी, साडेसात एचपी,
बोअरमधून ओढून काढलेल्या भाजक्या मोटारी.
कॉइल निघत नसली की जाळावी लागते.
जळलेलं तांबं मऊ होतं,
सांगाल तसं बसतं.
एवढं एक मला आधीपासून येत होतं.

कुंडी म्हणून मोटारीचं एंड कव्हर घेतलं,
बिडाचं, उथळ, भोकं तयारच.
काळी माती नको,
ती पावसाळ्यात ट्रॅक्टर सोडत नाही, मुळं काय सोडेल.
मुरूम चाळला, फुटके कवेलू कुटले,
चहाच्या गाळणीनं धूळ काढली.
बायकोनं ती गाळणी परत घेतली नाही.

पहिली फांदी वाकवली आणि कट् झालं.
तांबं ऐकतं म्हणून लाकूडही ऐकेल, असं नाही.
दुसरीला घाई केली नाही.
रोज सकाळी, शटर उघडलं की
एका तांदळाएवढी खाली.

मग छाटणी.
आमच्याकडे कडुनिंब कुठूनही तोडा.
लाइनमन दरवर्षी तारांखाली त्याला भुंडा करतात
आणि होळीच्या आगेमागे तो पुन्हा लालसर फुटतो.
त्या भरवशावर मी हिची डावी फांदी
पार खाकी लाकडापर्यंत मागे नेली.
आठ दिवस.
पंधरा.
बेअरिंग तपासायचं भिंग घेऊन डोळा शोधला.
महिना.

फुलवंतीनं भिंगाशिवायच पाहिलं.
"हिरवं ठेवूनच काप लागते भाऊ.
जिथं पान नाई, तिथून हे वापस येत नाई."
तिच्या सुरीवर जंबेरीचा रस सुकला होता.
दिवसाला आठशे डोळे बांधते ती,
चार-पाच वर्षांनी कोणाच्या तरी वावरात
ते पिवळे होऊन लटकतात.
त्यातला आपला कोणता, हे ती विचारत नाही.
मी एका फांदीसाठी महिनाभर जेवणात लक्ष नसल्यासारखा.

एप्रिलात बीड तव्यासारखं तापलं.
शेंडा लवला, मी पाणी घातलं.
आणखी लवला, आणखी घातलं.
बोट खुपसलं तर आत चिखल.
तहान आणि बुडणं
या झाडात वरून सारखंच दिसतं.
पाणी बंद केलं. अकरा वाजले की कुंडी लेथच्या सावलीत,
बाहेरून ओलं पोतं गुंडाळून.
एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मोटार आजारी हाय का?"

जगली.
मेलेली फांदी कापायला हात झाला नाही.
कॉइल खरवडायच्या पात्यानं साल काढली,
आत लाकूड हाडासारखं पांढरं.
आता लोक विचारतात, किती वर्षांचं?
दोन, म्हणतो.
मंसाराम बोबडे म्हणाला, "मले तं आज्याच्या वेळचं वाटते.
याले फळ काय येते?"
काही नाही.
"मंग?"
मी त्याच्या स्टार्टरचे स्क्रू आवळत राहिलो.

परवा उजव्या फांदीत तार रुतू लागलेली दिसली.
उलगडली नाही, उलगडताना साल जाते;
कटरनं वेढा वेढा तोडून काढली.
तुकडे भंगाराच्या डब्यात, किलोच्या भावात.
फांदी तिथंच राहिली, मी ठेवली होती तिथं.
संध्याकाळी पाहिलं तर
अर्धा बोट वर आलेली,
स्वतःच्या मनानं.

नवी तार हातात होती.
थोडा वेळ धरून उभा राहिलो,
मग लाइट आली, आणि मी मोटारीकडे वळलो.