अर्थिंगला पाणी

टेबलावर दोन डबे,
दोन्ही परत देण्याच्या बोलीवर आणलेले.
काळा अठरा हजारांचा, चंदेरी एक्केचाळीस.
काम दोघांचं एकच:
शून्य आणि एक यांच्या भुशातून
पुन्हा तंबोरा वेगळा काढायचा.

मी जालन्यात बियाणं कंपनीत उगवणशक्ती तपासतो.
शंभर दाणे ओल्या कागदात, सातव्या दिवशी मोजणी.
ऐकतानाही तेच. वही, तारीख, दोन रकाने.
काळा: जवारी मोकळी, खर्ज जरा ढिला.
चंदेरी: जवारी बारीक, जणू दोरा नुकताच सरकवला.
आणि दोन्हींच्या तळाशी, रोज, एकच शब्द:
भुणभुण.

रात्री अकरानंतर ती वाढते.
रोलिंग मिलच्या भट्ट्या स्वस्त विजेवर जागतात तेव्हा
सहा किलोमीटरवरचं लोखंड
माझ्या डाव्या स्पीकरात वितळतं.

शुक्रवारी एमआयडीसी बंद, म्हणून सकाळी परीक्षा.
रेवती पडद्याआडून वायर बदलत राहिली,
"आता कोणता, बाबा?"
विसांत अकरा बरोबर.
नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते,
हे ती बोलली नाही.
वहीत लिहिलं फक्त, माझ्याच पेननं.

मुजीब वायरमननं डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.
सरळ मागच्या दारी गेला,
शहाबादी फरशी उचलून वाकला.
"साहेब, अर्थिंग तहानेनं मरायलीय तुमची,
आन तुम्ही एक्केचाळीस हजारांचं ऐकायलाव."
दोन किलो खडेमीठ, कोळसा,
आणि पाणी.

नळ अकराव्या दिवशी येतो. आज नववा.
शकुंतलानं ड्रमचं झाकण काढलं,
आत वाकून पाहिलं,
माझ्याकडे नाही पाहिलं,
एक बादली दिली.

जमीन प्यायली. आवाज करत प्यायली.
असा खर्ज कुठल्याच डब्यातून आला नव्हता.

मग तंबोऱ्याच्या मागे काळोख पडला,
आणि त्या काळोखात
वाजवणाऱ्यानं मांडी बदलली,
सतरंजी सरकली.
कोणता डबा लावला होता,
हे वहीत लिहायचं राहिलं.

चंदेरी परत गेला.
त्या पैशांतून पाचशे लिटरची टाकी आली.
दर शुक्रवारी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी अर्थिंगला.
आणि शकुंतला जाता-येता
बोटाच्या पेरानं टाकी वाजवते,
आवाजावरून सांगते आत किती उरलंय.
मी झाकण उघडून पाहतो.
अजून एकदाही चुकली नाही.