जप्तीतून वगळलेलं

निकाल लागला तेव्हा मी पेढे वाटले नाहीत,
वाटावेत असं वाटलं मात्र.
दोन लाख शहाऐंशी हजार चारशे,
वर व्याज, दरसाल दरशेकडा नऊ.
हुकूमनाम्यावर गोल शिक्का आणि माझं नाव पूर्ण:
सुलभा जगन्नाथ घाग, धंदा शिवणकाम, राहणार लालबाग.
नक्कल घरी आणून मशीनच्या खणात
बॉबिनच्या डबीखाली ठेवली.

महिना गेला. दुसराही.
करंदे वकील म्हणाले, बाई,
पैसे तुमचे आहेत एवढंच कोर्टाने सांगितलं.
ते कुठे आहेत, हे तुम्ही सांगायचं.

मग दरखास्त.
म्हणजे जिंकलेला दावा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढणं.
भोइट्याच्या नावे नोटीस गेली, परत आली: घर बंद.
पुन्हा गेली: इसम मिळून येत नाही.
इसम दर शनिवारी भायखळ्यापासून परळपर्यंत
कुणा ना कुणाच्या घोड्यापुढे
क्लॅरिनेट वाजवत चालला होता.
अख्ख्या रस्त्याला मिळून येत होता.

शेवटी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिलं त्याने, पाऊण पान.
खोली भाड्याची. बँकेत अकराशे बारा.
याउपर काही नाही, खाली सही,
सहीला मात्र दोन वेलांट्या जास्त.

तांडेल बेलिफ म्हणाला, चला, ऊन आहे तोवर.
सूर्य मावळल्यावर कायदा कुणाच्या घरात शिरत नाही.

गाळ्यात भिंतीवर कर्णे टांगलेले, पितळेचे, पोचे आलेले.
मी बोट दाखवलं.
‘कारागिराची हत्यारं. जप्त होत नाहीत.’
स्टोव्ह, तीन पातेली.
‘स्वयंपाकाची भांडी.’
गुंडाळलेली गादी तर मी विचारलीच नाही.
बाईच्या गळ्याकडे मी पाहत नव्हते,
तरी तो म्हणाला, ‘तेही नाही.’
आणि मागे खुंट्यांवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत
बावीस कोट.
लाल मखमल, खांद्याला झालर,
मनगटावर जरीची तिपदरी पट्टी,
जी लावताना अकरा रात्री माझ्या सुईचं नाक
मला दिसायचं बंद झालं होतं.
‘अंगावरचे कपडे,’ तांडेल म्हणाला.
मग जरा थांबून, ‘बहुतेक. साहेबांना विचारावं लागेल.’

भोइट्याच्या बायकोने पाणी आणलं.
बेलिफने घेतलं नाही. मी घेतलं.

वकील म्हणाले, दिवाणी तुरुंगात घालता येईल,
ऐपत असून देत नाही हे दाखवलंत तर.
मात्र त्याच्या जेवणाचा भत्ता आगाऊ तुम्ही भरायचा.
मला हसू आलं, कोर्टाच्या जिन्यातच, भिंतीला टेकून.
ज्याने माझं खाल्लं त्याला मीच वाढायचं,
पावती घेऊन!

ते म्हणाले, हसू नका, आठवा,
त्याला कोण देणं लागतं?
हे आधी विचारायचं होतं.
मापं घेताना माणसं गप्प बसत नाहीत.
हात वर करा म्हटलं की
कुठे वाजवलं, कुणी बुडवलं, कुठे उधारी, सगळं निघतं.
वरळीचं एक मंगल कार्यालय,
हॉल, जेवण, बँड सगळं एकाच पॅकेजात,
तीन लग्नांचे एकवीस हजार अजून द्यायचे होते.

मनाई हुकूम घेऊन गेलो त्या दिवशी तिथे लग्न होतं.
मॅनेजरने दोनदा वाचला,
भोइट्याला न देता कोर्टात भरावे, इथवर बोट नेलं,
सही केली आणि बुंदी पुढे सरकवली.

फाटकाशी बँड उभा. बावीस नव्हे, चौदा.
भोइट्याने मला पाहिलं, वाजवणं थांबवलं नाही.
त्याच्या डाव्या बाहीला कुणीतरी
काळ्या दोऱ्याने टीप घातली होती, वेडीवाकडी.
लाल मखमलीला काळा दोरा.

घरी येऊन खण उघडला.
बाकी दोन लाख पासष्ट हजार चारशे, व्याज वेगळं.
हुकूमनाम्याचं आयुष्य बारा वर्षं, त्यातली दोन सरली.
मखमल तेवढी टिकत नाही.