अर्धी दाढी

बाचीच्या फाट्यावर माझं दुकान.
पाटीवर कानडी मोठं, मराठी बारीक,
दोन्हीत माझ्या बापाचं नाव चुकलेलं.
टीव्ही पाठीमागच्या भिंतीवर,
म्हणजे खुर्चीतल्या माणसाला देश आरशातून दिसतो:
डावीकडचे उजवीकडे,
आकडे पालथे,
खालची पळती ओळ उलटी घराकडे निघालेली.

मोजणीच्या दिवशी साडेदहाला
खुर्चीत मोनाप्पा मास्तर.
मराठी शाळेत एकतीस वर्षं,
शेवटी पटावर नऊ पोरं.
उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस.
बाकावर भरमू मुचंडीकर,
पेपर उघडून, न वाचता.

आकडा फिरला.
भरमूनं मांडीवर थाप मारली, "आलं की ओ आमचं!"
मास्तर आरशात बघत होते.
टीव्हीकडे नाही, माझ्याकडे.
"तू पण हसूलालैस व्हय रे, सिद्राय?"

मी हसलो होतो का?
देवाशपथ, मला ठाऊक नाही.
गिऱ्हाइकाचा गाल ताणला की माझाही ताणतो,
बायको त्यावरून चेष्टा करते.
आणि खरं सांगायचं तर मत मी...
ते जाऊ दे.

मास्तर उठले.
गळ्यात माझा पांढरा कपडा तसाच,
गालावर फेस तसाच,
उंबरा ओलांडून गेले.

बाहेर तोवर शिनोळीकडून फटाके आले होते,
मोटारसायकलींना झेंडे, गुलालाची पोती.
बाबाजान पंक्चरवाल्यानं शटर गुडघ्यापर्यंत ओढलं,
आत त्याचे पाय तेवढे दिसत होते, हलत नव्हते.
गिरणीत रुक्मव्वा नि तिची जाऊ
एकाच डब्याला धरून भांडत होत्या,
ज्वारीवरून नव्हे.
डेअरीच्या ग्रुपमधून दुपारपर्यंत अकरा जण बाहेर पडले.
संध्याकाळी दूध मात्र सगळ्यांनी घातलं,
कॅनमध्ये बघत.

आणि त्या गर्दीतून मास्तर.
पोरांना वाटलं आपलाच माणूस,
आनंदात दाढी अर्धी टाकून आलाय.
मूठभर गुलाल गालावर.
फेसात तो असा बसला
की लांबून मला वाटलं, माझाच वस्तरा लागलाय.
मास्तरांनी पुसला नाही.

भरमू दारात उभा राहून हसला, मग थांबला.
"जा की बे, बोलवून आण त्यास्नी."
मी वाटी-ब्रश घेऊन रस्त्यापर्यंत धावलो.
तेवढ्यात चंदगडची एसटी आली.

रात्री त्यांच्या घरी गेलो,
वस्तरा रुमालात गुंडाळून.
काकू दारातच: "करून आलेत. शिनोळीत."
एक स्टॉप. दुसरं राज्य.
उरलेल्या अर्ध्यासाठी.
"पैसे पुरे घेतले त्यानं!" आतून मास्तर ओरडले.
मला वाटलं, आता हसतील.
मग आतला दिवा गेला.

सकाळी दुकानाच्या कडीला पिशवी:
माझा कपडा, धुऊन, घडी घालून,
कोपऱ्यावर न निघालेला गुलाबी डाग,
आणि वीस रुपये. अर्धे.

त्याला सात आठवडे झाले.
सरकार बसलं.
टीव्ही मी समोरच्या भिंतीवर घेतला,
आता सगळं सरळ दिसतं,
कांद्याचा भाव, क्रिकेट, शपथा.
भरमू येतो, मान वाकवून बसतो, पेपर वाचतो खरोखर.
मास्तर रविवारी समोरून जातात,
वाढलेली घेऊन जातात, घोटलेली घेऊन येतात.
माझ्याकडे बघत नाहीत.

मी बघतो.
डाव्या कानाखाली त्यांना मसुराएवढी चामखीळ आहे,
फेसात बुडाली की दिसत नाही.
तिला वळसा घालावा लागतो,
वरून खाली, हलक्या हातानं.
बावीस वर्षांत रक्त नाही.
आता दर रविवारी तिथं
पेपरचा कपटा चिकटवलेला,
मधोमध लाल ठिपका.